मॅडमनी सांगितलंय

आमच्या बॅचमध्ये वाद मिटवायची एक सोपी रीत होती. दोघी कितीही तावातावानं भांडत असोत, तिसरीनं येऊन म्हणायचं, "मॅडमनी सांगितलंय," की दोघी गप्प. मग ते सलाइनचं असो, जखमेच्या ड्रेसिंगचं असो, नाहीतर डॉक्टरनं घाईत खरडलेल्या डोसचं. नर्सिंग स्कूल सुटून वर्षं झाली, पोरी वाशीपासून पनवेलपर्यंत निरनिराळ्या हॉस्पिटलांत पांगल्या, कुणी इनचार्ज झाल्या, कुणाची मुलं कॉलेजात गेली, तरी हे वाक्य चालूच राहिलं. त्यावर अपील नव्हतं.

ह्या मॅडम म्हणजे आमच्या ट्यूटर. नवी मुंबईतल्या शिरवणे गावच्या. गावठाणात त्यांचं घर, खाली भाड्यानं दिलेल्या खोल्या, वर त्या आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. वर्गात त्या छापल्यासारखं मराठी बोलायच्या आणि चिडल्या की त्यांची आगरी बाहेर पडायची. चिडायच्या पुष्कळ. माझे वडील साताऱ्याकडून येऊन मार्केटात माथाडी झालेले, त्यामुळे शिव्या मला नव्या नव्हत्या. पण ही बाई शिव्या देत नसे, प्रश्न विचारत असे. कुठं वाचलंस? लिहिलंय कुणी? त्यांनी कोणत्या पेशंटवर करून बघितलं? त्या पेशंटला शुगर होती का? एकदा मी उत्तर दिलं, "मॅडम, सगळे असंच करतात." त्यांनी मला वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, "हिला सगळे भेटलेत. विचारा हिला, सगळे बरे आहेत ना." शिपायानंसुद्धा मला विचारलं. त्या दिवशी मी त्यांचा मनापासून द्वेष केला, आणि तो चांगला बराच काळ टिकला.

कोरोना आला तेव्हा मी नेरुळच्या एका खाजगी हॉस्पिटलात सीनियर सिस्टर होते. त्या काळाबद्दल बोलताना लोक पीपीईचा घाम सांगतात, ॲम्ब्युलन्सचे आवाज सांगतात. मला आधी आठवतो तो मोबाइल. सकाळी ड्यूटीवर येताना एक उपचार बरोबर असायचा, दुपारी तोच चूक. एका सरांनी सगळ्या स्टाफला कसलीशी गोळी आठवड्याला घ्यायला लावली, दुसरे सर म्हणाले, फेकून द्या, हार्टला त्रास होईल. दोघांकडेही मेसेज होते. दोघांचेही मेसेज कुठल्या तरी मोठ्या डॉक्टरच्या नावानं आलेले. डॉक्टरांना नावं ठेवून मला पुण्य मिळवायचं नाही. आजार नवीन होता आणि कुणालाच काही कळत नव्हतं. पण कळत नाही हे तोंडानं म्हणायची त्यांच्यात पद्धत नाही. मग ते गुळगुळीत आवाजात व्हॉइस नोट पाठवतात.

आम्ही मॅडमना फोन करायचो.

मॅडम तोवर रिटायर झाल्या होत्या. स्वतः शुगरच्या पेशंट, त्यामुळे मुलानं उंबऱ्याबाहेर पडायला बंदी केली होती. मुलाचे न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचे ट्रेलर चालायचे. त्यातल्या कमाईतून त्यानं आईला टॅब घेऊन दिला होता, तिनं मालिका बघाव्यात म्हणून. बाई गॅलरीत बसून त्यावर सरकारी मार्गदर्शक सूचना वाचत बसायच्या. नवीन सूचना आली की जुनी शेजारी ठेवून काय बदललं ते शोधायच्या. मग मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या आपल्या जुन्या विद्यार्थिनींना फोन लावून विचारायच्या, "तुझ्या वॉर्डात तू डोळ्यांनी काय बघतेस ते सांग. ऐकीव नको." एवढं झाल्यावर आम्हाला उत्तर मिळायचं. ते तीन प्रकारचं असे. हे पक्कं आहे. हे बहुतेक असं आहे. हे मला माहीत नाही. तिसरं उत्तर सगळ्यांत जास्त वेळा मिळायचं.

आमच्या बॅचच्या एका मैत्रिणीला त्याचा फार राग यायचा. मी मैत्रीण म्हणते खरी. खांदेश्वरला एका हॉस्पिटलात ती इनचार्ज होती आणि हॉस्टेलात माझ्या शेजारच्या पलंगावर असल्यापासून तिला पुढे पुढे करायची हौस. ती म्हणायची, "दिवसभर वाट बघायची आणि बाई सांगणार, माहीत नाही. पेशंटच्या नातेवाइकाला काय सांगू, माहीत नाही सांगू? मारतील ना मला."

तिचंही अगदीच खोटं नव्हतं. मारतच होते लोक.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दुसरी लाट उसळली आणि बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज आला. ताप आला की पहिल्याच दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करा, ऑक्सिजन उतरायची वाट बघू नका, वाट बघणारे गेले. खाली गोळीचं नाव, डोस. वर ठळक अक्षरांत: आपल्या मॅडमनी सांगितलंय, प्रत्येकीपर्यंत पोचवा.

मला वाचताक्षणी कळलं की हे त्यांचं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर "शुगर आहे का" हा प्रश्न आधी विचारला, ती सरसकट सगळ्यांना स्टेरॉइड द्या म्हणेल? त्या औषधानं शुगर कशी भडकते हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. आणि सरकारी सूचनेतलं ते वाक्य तर त्यांनी मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं होतं: ज्याला ऑक्सिजन लागतोय त्याला ह्या औषधाचा उपयोग आहे, ज्याला लागत नाही त्याला देऊ नये. मी लगेच फोन केला. पलीकडून थेट आगरी.

"कोनी लिवला ह्या? माज्या नावावं कोनी लिवला? मी मेली का?"

तो मेसेज ग्रुपवर टाकला होता खांदेश्वरच्या मैत्रिणीनं; मी तिला फोन लावला. मैत्रीण अजिबात डगमगली नाही. तो सल्ला तिला तिच्या हॉस्पिटलच्या एका डॉक्टरकडून आला होता. तो तिला पटला, पोरींपर्यंत जावा असं वाटलं, म्हणून तिनं वर मॅडमचं नाव घातलं. "त्यात काय एवढं? नाव नसतं तर कोण वाचणार होतं? रोज पन्नास मेसेज येतात. मॅडमचं आहे म्हटल्यावर वाचतात तरी. आणि मॅडमनी सांगितलंय असं आपण आयुष्यभर म्हणत आलो ना? सगळ्या वेळा काय विचारलेलं असायचं का?"

हे मात्र खरं होतं. अर्ध्या वेळा कुणी विचारलेलं नसायचंच. भांडण मिटावं म्हणून म्हणायचो.

मॅडमनी स्वतः खुलासा लिहिला. मी तो वाचला तेव्हाच मला कळलं, हा चालणार नाही. लांबलचक. कुठल्या सूचनेत काय म्हटलंय, कुणासाठी म्हटलंय, काय अजून पक्कं नाही, सगळं नीट. शेवटी "आज एवढंच माहीत आहे, उद्या बदलू शकतं." आमच्या ग्रुपवर पोरींनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि खुलासा तिथंच राहिला. पहिला मेसेज तोवर गावठाणाच्या ग्रुपवर, देवळाच्या ग्रुपवर, ट्रेलरवाल्यांच्या ग्रुपवर फिरत होता. चार ओळींचा होता, काय करायचं ते सांगत होता, आणि भीती घालत होता. त्याला कसली अडचण.

मग मॅडमना ताप आला.

मला कळलं तेव्हा त्या आमच्याच हॉस्पिटलच्या दारात होत्या. मुलानं रिक्षातून उचलून आणलं होतं. ऑक्सिजन उतरलेला, श्वास तोकडा, पण नजर तीच. मला पीपीईमध्येही ओळखलं आणि पहिली गोष्ट म्हणाल्या, "मास्क घट्ट कर तुझा." शुगर तपासली तर मशीनवर आकडा येईना; इतकी चढली की ते मशीन आकडा देत नाही, नुसतं "हाय" दाखवतं. डॉक्टरनी विचारलं, घरी काय काय घेतलंत. मॅडम एकेक श्वास घेत म्हणाल्या, तापाची गोळी आणि शुगरची रोजची, बाकी काही नाही. मग माझ्याकडे वळल्या. "एवढी कशी चढली? तापानं एवढी नाही चढत. मला कुणीतरी स्टेरॉइड दिलंय. त्याला विचार."

मुलगा बाहेर पायऱ्यांवर बसला होता. धिप्पाड माणूस, पोर्टवरच्या मुकादमांना घाम फोडणारा, आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता. मी विचारल्यावर त्यानं काहीच लपवलं नाही. उलट अभिमानानं मोबाइल पुढे केला.

"आयचाच मेसेज हाय ना ताई. पयल्या दिवसापासून चालू करा बोलते. मी मेडिकलवाल्याला दाखवला, त्यानी लगेच दिल्या. आय घ्यायला तयार नाय. बोलते, मी नाय लिवला ह्या. तापान काय पन बडबडत होती. मंग मी कुटून पेजेत घातल्या. रोज घातल्या, एक दिवस चुकवला नाय."

त्याला वाटत होतं मी शाबासकी देईन. मी डॉक्टरना जाऊन सांगितलं आणि इन्शुलिन लावायला घेतलं. त्याला तिथं पायऱ्यांवर काय सांगणार होते? माणूस धावपळ करत होता, ऑक्सिजनचा सिलिंडर, इंजेक्शनं, सगळं त्यालाच मिळवायचं होतं. त्याचा कणा मोडून मला काय मिळणार होतं? मॅडमना मात्र सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पेजेत. बरोबर." बस एवढंच. मग म्हणाल्या की आता ऑक्सिजन कमी आहे, तेव्हा आता स्टेरॉइड द्यावंच लागेल, डॉक्टरना सांग घाबरू नका, शुगरकडे बघत द्या. स्वतःच्या केसचासुद्धा त्यांनी वर्ग घेतला.

फुप्फुसं सुधारली. आम्ही सगळ्या खूश झालो, आणि नेमकं तेव्हा त्यांचा उजवा गाल सुजला. डोळ्याखाली दुखू लागलं. नाकातून काळपट काही आलं, ते मीच पुसलं, आणि पुसताना त्यांनी माझा हात धरून विचारलं, "काळं आहे का?" खोटं बोलायची सोय त्या बाईनं कधी ठेवलीच नव्हती. मी म्हटलं, "हो."

काळी बुरशी होती, कोरोनानंतर शुगर भडकलेल्यांना तेव्हा होत होती ती. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. त्यावरची इंजेक्शनं बाजारात मिळेनाशी झालेली. मुलगा कुठं कुठं फिरून एकेक आणायचा. उजवा डोळा काढला, वरचा जबडाही एका बाजूनं काढला. मी सुट्टीच्या दिवशी भेटायला जायचे. ज्या चेहऱ्याला आम्ही चळाचळा कापलो तो अर्धाच उरला होता, आणि त्या उरलेल्या अर्ध्यानं त्या मला म्हणाल्या, "वाच."

ह्या आजाराबद्दल नव्यानं काय आलंय ते वाचून दाखव, असा हुकूम. स्वतः वाचता येत नव्हतं. एकच डोळा, तोही पाणावलेला. मी मोबाइलवर अधिकृत सूचना उघडली आणि मधलंमधलं गाळून वाचायला लागले. त्यांनी बोटानं पलंगाची कड वाजवली. वर्गात टेबल वाजवायच्या तशी. "गालू नको." मग मी सगळं वाचलं. बुरशी मेंदूपर्यंत पोचली तर काय होतं तेही वाचलं. कालच्या स्कॅनमध्ये ती पोचलेली दिसत होती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. वाचून झाल्यावर मी रडले. त्या नाही रडल्या. बोलणं अस्पष्ट झालं होतं, मला कान जवळ न्यावा लागला.

"यो मेसेज अजून फिरतो का?"

"फिरतोय मॅडम."

"सगल्यांना सांग. मी नाय लिवला. मना काय झाला ता पन सांग."

मी म्हटलं, "आणि तुमच्या मुलाला? त्याला अजून वाटतंय तुम्हीच लिहिलाय. त्याला कळलं तर तो जगायचा नाही, मॅडम."

मला वाटलं आता आई बोलेल. "त्याला पन सांग," त्या म्हणाल्या. "त्याला सोडून सगल्यांना सांगशील, तर तो अजून कोनाला तरी पाजल."

मला त्या क्षणी त्यांचा परत राग आला, व्हरांड्यात उभं केलं होतं तेवढाच. मरता मरता बाईनं हे काम माझ्या गळ्यात बांधलं. त्या आठवड्यात त्या गेल्या.

शोकसभा मोबाइलवर भरली, रविवारी दुपारी. सगळ्या बॅचेसच्या पोरी, काही जुन्या मेट्रन, आणि एका चौकोनात मॅडमचा मुलगा, मुंडन केलेला. सभा भरवली होती अर्थात खांदेश्वरच्या मैत्रिणीनं. पांढरी साडी, मागे मॅडमचा फोटो, फोटोला हार. तिनं गळा काढून सुरुवात केली. मॅडम आपल्यासाठी दीपस्तंभ होत्या वगैरे. आणि मग म्हणाली, आजारी असतानासुद्धा मॅडमना आपली काळजी होती, त्यांची शेवटची शिकवण मी वाचून दाखवते. आणि तिनं तो मेसेज वाचला. तोच. स्टेरॉइडचा. मला आजही कळत नाही की तिला खरंच विसर पडला होता, की इतक्यांदा फिरून परत आलेलं तिलाही खरं वाटू लागलं होतं. मी तिला पुढे कधी विचारलं नाही, कारण त्या दिवसानंतर मी तिच्याशी बोललेच नाही.

मी माइक चालू केला. माझा आवाज चांगला नाही आणि रागात तर फाटतोच. मी म्हटलं, "हे मॅडमनी लिहिलेलं नाही. हे हिनं पाठवलं आणि वर मॅडमचं नाव घातलं. मॅडमना शुगर होती. ह्या मेसेजवर विश्वास ठेवून त्यांना घरी ह्याच गोळ्या दिल्या गेल्या, ऑक्सिजन चांगला असताना. त्या गोळ्यांमुळेच बुरशी झाली असं मी म्हणणार नाही, पुढे हॉस्पिटलातही स्टेरॉइड द्यावं लागलं, आणि एका पेशंटवरून असं ठरवायला मॅडमनी मला परवानगी दिली नसती. पण शुगर त्या गोळ्यांनी चढली हे पक्कं आहे. हे सांगायला मला त्यांनीच..."

तिनं मला म्यूट केलं. पडद्यावर माझं तोंड हलत राहिलं. ती डोळे पुसत म्हणाली, "ताईंना भावना अनावर झाल्यात, आपण समजून घेऊ," आणि एका जुन्या मेट्रनना बोलायला सांगितलं. मुलाचा चौकोन काळा झाला होता.

नंतर मला पुष्कळ फोन आले. एकीनंही विचारलं नाही की मेसेज खोटा कशावरून. सगळ्यांचं एकच, त्याच्यासमोर बोलायला नको होतं. कुठली वेळ, कुठलं बोलणं, बिचारा मुलगा, तुला काळीज आहे की नाही. नवऱ्यानंही तेच म्हटलं. गावठाणाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की ह्या सिस्टरला मॅडमच्या नावाची जळजळ होती.

मी शिरवण्याला गेले. शिव्या खायची तयारी ठेवून गेले, खरं तर तो अंगावर आला असता तर बरं वाटलं असतं. मुलगा वर गॅलरीत आईच्या खुर्चीत बसला होता. टॅब मांडीवर, बंद. त्यानं मला बसायला सांगितलं, आतून पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "दादा, तुम्हाला सांगायचंच नाही असं मी ठरवलं होतं. त्यांनीच सांगायला लावलं."

"मना म्हाईत होता ताई," तो म्हणाला.

मला वाटलं तो मला बरं वाटावं म्हणून म्हणतोय. मी विचारलं, कधीपासून.

"तुमी हास्पिटलात माज्याकडं बघितला ना पायरीवर, तवापासून. तोंड झाकलेला तुमचा, पन डोले दिसत होते." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. खाली भाडेकरूंची मुलं खेळत होती. "ता नाय माज्या मनात रातदिस. दुसराच हाय. पयल्या दिवशी पेज घेऊन गेलो. चमचा तोंडात घातला तर बोलते, कडू लागते रे. मी बोललो, आये, ताप हाय ना, तापान तोंड कडू झालाय."

मी ग्लास खाली ठेवला.

"सगल्या दुनियेला विचारायची ना, कुठं वाचलास, कोनी सांगितला. मना कायच विचारला नाय. बोलली, हां, तसाच आसल. आनि सगली पेज प्याली."